खिडकीतलं हिरवं

माझ्या सासूबाईंनी घातलेल्या घडीला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. त्यांच्या स्वयंपाकाला ठेवलेलं आहे, मुलाला लावलेल्या वळणाला ठेवलेलं आहे (ते मीच), पण घडीला नाही. घडी म्हणजे चादरीची नव्हे, पॅराशूटची. विमानातून हौसेने उड्या मारणारी माणसं खाली येतात तेव्हा त्यांच्या हातात रंगीत कापडाचा आणि दोऱ्यांचा भलामोठा गुंता असतो. तो पाठीवरच्या पिशवीत असा बसवायचा की पुढच्या उडीला वेळेवर आणि सरळ उघडेल, हे ते काम. ज्यांना ते स्वतः करायचा कंटाळा येतो ते पैसे देऊन पॅकरकडून करून घेतात, आणि आमच्या क्लबात पॅकर म्हटलं की सासूबाई. हॉलमध्ये त्यांना सगळे मावशी म्हणतात. मी आई म्हणते. मनात काय म्हणते ते त्या त्या दिवसावर असतं.

हा हॉल म्हणजे धावपट्टीच्या कडेची एक लांबलचक पत्र्याची शेड. खाली जुना गालिचा, इतका झिजलेला की त्याचा मूळ रंग कोणता यावर अजून वाद होतात. भिंतीला पिशव्या अडकवायच्या खुंट्या, कोपऱ्यात चहाची किटली, आणि दाराशी एक पितळी घंटा. या घंटेचं सांगितलं पाहिजे. उडीच्या आधी कुणाच्या घडीत चूक सापडली, की ज्याला सापडली त्याने ती वाजवायची. मग सगळ्यांनी हातातलं काम टाकून टाळ्या वाजवायच्या, त्या ज्याने चूक केली त्याच्यासाठी. नवख्याला वाटतं आपली चेष्टा चाललीय. चेष्टा असतेच, पण नुसती चेष्टा नसते. आमचे मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते म्हणतात, "चूक जमिनीवर सापडली म्हणजे सण. वर सापडली तर टाळ्या वाजवायला हात मोकळे नसतात."

त्या घंटेने कुणालाच सोडलेलं नव्हतं. मास्तरांसाठीसुद्धा ती वाजली होती. सासूबाईंसाठी मात्र कधीच नाही. त्या स्वतः हा विषय कधी काढत नसत. घंटेवरून जाताना फक्त तिच्याकडे शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे बघावं तसं बघत.

मी चष्म्याचं दुकान चालवते आणि रविवारी उड्या मारते. लग्नाआधी मी सासूबाईंची गिऱ्हाईक होते. त्यांचा मुलगा संध्याकाळी त्यांना घ्यायला यायचा आणि विमानाकडे पाठ करून उभा राहायचा. घरचा बल्ब बदलायला स्टुलावर चढला तरी त्याला गरगरतं. आमचं जमलं तेव्हा सासूबाईंनी माझी एकच चौकशी केली म्हणे, तीही स्वतःशीच. "दोऱ्या गुंतवून आणत नाही पोरगी. चालेल."

तर एका रविवारी मास्तरांनी सगळ्यांना गालिच्यावर बसवलं आणि नवा नियम सांगितला. आमची चार माणसं दुसऱ्या एका क्लबात स्पर्धेला गेली होती. तिथे पॅकर नव्हता. बाकीचे लोक भराभर आपापल्या घड्या घालून परत वर जात होते, आणि आमचे चौघे आपापला गुंता मांडीवर घेऊन बसले होते.

"लाज वाटली मला," मास्तर म्हणाले. "आता आपला हात जगन्नाथ. हा मोसम संपायच्या आत प्रत्येकाने स्वतःची घडी शिकायची. ज्याला येणार नाही तो विमानात बसणार नाही. आली की मग खुशाल मावशींना पैसे द्या, माझं काही म्हणणं नाही. आणि शिकणाऱ्याची प्रत्येक घडी मावशी तपासतील. त्यांनी हो म्हटल्याशिवाय उडी नाही."

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा आंबट झाला होता.

"मला विचारलंत?" त्या म्हणाल्या.

"मावशी, तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

"मी घालते घड्या. दुसऱ्यांच्या घड्यांत डोकं घालायला मी मास्तरीण नाही."

घरी आल्यावर तर भडकाच. जेवताना मुलाला म्हणाल्या, "आजकाल लोकांना सगळं स्वतःला यायला हवं असतं. उद्या म्हणतील दाढ पण आमची आम्हीच काढतो." लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं आमच्याकडे लेका बोले. कारण शिकणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव मीच दिलं होतं.

हॉलमध्ये सगळ्यांनी एकच अर्थ काढला: मावशींना धंदा बुडायची भीती वाटतेय. मलाही तेच वाटलं आणि मी मनातून थोडी नाराज झाले. एवढा मान मिळतोय बाईला, आणि ही गिऱ्हाइकांचा हिशेब करत बसलीय!

पण नियम तो नियम. पुढच्या रविवारपासून शिकवणी सुरू झाली. ज्यांनी पॅराशूटचं कापड कधी हाताळलं नसेल त्यांना मी एवढंच सांगते की ते गुळगुळीत असतं आणि वागायला हट्टी. इकडून दाबावं तर तिकडून फुगतं. हवा काढायला त्याच्यावर चक्क पालथं पडून सरपटावं लागतं. मी पालथी पडायचे, आणि वरून सासूबाईंचा आवाज यायचा.

"मिठी मार त्याला, मिठी! नवऱ्याला मारतेस तशी नको, घट्ट मार."

सगळा हॉल खिदळायचा. नवरा त्या वेळी नेमका दाराशी डबा घेऊन उभा असायचा.

शिकवायच्या मात्र त्या मन लावून. त्यांनी पहिल्या दिवशी पहिली शिकवलेली गोष्ट पिल्लाची. मोठं पॅराशूट आपण होऊन बाहेर येत नाही. त्याला ओढायला एक छोटं असतं, त्याला आमच्याकडे पिल्लू म्हणतात. हवेत असताना हाताने वाऱ्यावर भिरकावायचं ते हे पिल्लू. ते फुगतं आणि मोठ्याला ओढून काढतं. काम झालं की मिटतं. म्हणून दर घडीच्या वेळी त्याच्या पोटातली दोरी ओढून त्याला पुन्हा चढवावं लागतं, बंदुकीचा घोडा चढवतात तसं. विसरलात, तर पिल्लू ओल्या रुमालासारखं लोंबत राहतं आणि मोठं पिशवीतच झोपून राहतं. मग जीव वाचवायला राखीव पॅराशूट असतं, पण त्याच्यावर वेळ येऊ नये म्हणून तर हा सगळा खटाटोप. पिल्लू चढवलंय की नाही हे कळायला त्याच्या पट्टीत नखाएवढी खिडकी ठेवलेली असते. पिशवीचं झाकण उचललं की ती दिसते. चढवलं असेल तर खिडकीत हिरवा धागा. नसेल तर नुसतं पांढरं.

"मी तर खाली बसायच्या आधीच पिल्लू चढवते," सासूबाई म्हणाल्या. "माझे हात विसरत नाहीत."

ते खरंच होतं. त्यांचे हात कधीच विसरले नव्हते. पण मग त्या माझी सरावाची घडी तपासायला बसल्या, झाकण उचललं, खिडकीवर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हं. हिरवं आहे."

आता, अंगठ्याला रंग कळत नाही.

माझं दुकान चष्म्याचं आहे. ज्यांना दिसत नाही अशी माणसं कधीही "मला दिसत नाही" म्हणत नाहीत. ती म्हणतात उजेडच नाही, छपाईच बारीक झालीय, हल्लीच्या कंपन्याच लबाड आहेत. नाचता येईना अंगण वाकडं. सासूबाईंनी त्या वर्षात हॉलमधल्या ट्यूबलाइट बदलायला लावल्या होत्या, आणि नव्यांवरही त्या खूश नव्हत्या. सुईत दोरा ओवायचा असला की त्यांना नेमका चहा आठवायचा आणि सुई माझ्या हातात यायची. बाहेर जेवायला गेलो की मेन्यूकार्ड न उघडता म्हणायच्या, "तू घेशील तेच मला." मी याला इतकी वर्षं प्रेम समजत होते.

त्याच आठवड्यात मी सहज म्हणावं तसं म्हटलं, "आई, एकदा दुकानात या ना. डोळे तपासू."

"माझे डोळे तुझ्या जन्माआधीपासून चांगले आहेत."

झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे वळसासुद्धा नाही, बाई जागची हलायला तयार नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तिला चष्म्याचं नावही काढू नकोस. तिच्याआधी तिथे एक पॅकर होते. त्यांना चष्मा लागला, आणि महिन्याभरात सगळी गिऱ्हाइकं आईच्या रांगेत आली. त्यांना कुणी काही म्हटलं नाही, फक्त रांग बदलली. आई तेव्हापासून घाबरून आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गिऱ्हाइकं स्वतः घडी शिकतील ही भीती नव्हतीच. स्वतःची घडी त्यांचे हात घालायचे, तिथे डोळ्यांचं काम पडत नव्हतं. दुसऱ्याची घडी तपासायला मात्र बघावं लागतं. मास्तरांनी नेमकं तेच काम त्यांच्या गळ्यात घातलं होतं. झाकली मूठ उघडायची वेळ आली होती, आणि ती आपण उघडणार नाही हे त्यांनी ठरवलं होतं.

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. कुणाचा तरी जीव त्या खिडकीत अडकलेला असतो, आणि ही बाई रांगेचा विचार करते! पण सांगू कुणाला? मास्तरांना सांगितलं तर त्या जन्मभर माझ्याशी बोलणार नाहीत. म्हणून मी मधला मार्ग काढला. त्या तपासतील ती प्रत्येक घडी मी शिकायच्या निमित्ताने मागून बघायची. शेजारी ठाण मांडूनच बसले. मास्तर कौतुकाने म्हणाले, "बघा, हौस असावी तर अशी!" सासूबाई मान वर करून माझ्याकडे बघत आणि परत खाली घालत.

असे काही रविवार गेले. सगळ्या खिडक्या हिरव्या निघाल्या आणि माझी भीती जरा सैल पडली.

मग कॅप्टनची पाळी आली. कॅप्टन म्हणजे आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ उडीवाले. जन्मभर बस चालवली, निवृत्त झाल्यावर म्हणाले, आता स्टिअरिंग नको, आणि उड्या मारायला लागले. त्यांना घडी शिकायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागत होता, कारण ते शिकताना अखंड बोलायचे. त्या दिवशीही नातीच्या शाळेचा किस्सा सांगत सांगत घडी घातली, झाकण लावलं आणि ती सासूबाईंसमोर ठेवली.

"बघा मावशी. चुकलं असेल तर बसच्या चाकाखाली घाला मला."

बाहेर विमानाचं इंजिन सुरू झालं होतं. सासूबाईंनी झाकण उचललं, अंगठा फिरवला.

"हिरवं आहे. जा."

मी पुढे वाकले. खिडकी पांढरी होती.

कॅप्टननी पिशवी एका खांद्यावर घेतलीसुद्धा. क्षणभर वाटलं, काहीतरी थाप मारावी, पट्टा सुटलाय म्हणावं, कोपऱ्यात नेऊन गुपचूप पिल्लू चढवावं. कुणाला कळणार नाही. पण मी असं किती रविवार मागे बसणार होते? एखाद्या रविवारी मला ताप येईल आणि मी घरी असेन.

"कॅप्टन, थांबा," मी म्हटलं. "पिशवी खाली ठेवा."

मग सासूबाईंकडे वळून, जमेल तितक्या हळू म्हणाले, "आई, पांढरं आहे."

त्यांनी झाकण परत उचललं. पट्टी डोळ्यांजवळ आणली. मग हात लांब करून धरली. मग ट्यूबलाइटकडे बघितलं, आणि मला वाटलं आता त्या उजेडाला दोष देणार. त्यांनी तोंड उघडलंही. पण समोर कॅप्टन उभे होते, चेहऱ्यावर अजून नातीच्या किश्शाचं हसू. त्यांच्याकडे बघून सासूबाईंनी तोंड मिटलं.

"तुला नक्की दिसतंय ना?" त्यांनी मला विचारलं.

"दिसतंय, आई."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. ॲप्रनला हात पुसले. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, त्या घंटेपाशी थांबल्या, आणि तिची दोरी धरून अशी ओढली की बाहेर पायलटने मान वळवली.

मास्तर ओरडले, "कुणाची?"

कॅप्टननी बिचाऱ्यांनी हात वर केला. "माझीच असणार."

"त्यांची एक," सासूबाई म्हणाल्या, "आणि माझी एक. त्यांनी पिल्लू चढवलं नाही. मी न बघता हिरवं म्हटलं. मला ती खिडकी दिसत नाही. बरेच दिवस झाले."

टाळ्या वाजवायच्या हे कुणाला सुचेना. सगळे हातात दोऱ्या धरून जागच्या जागी. माझ्या सासूबाई दाराशी एकट्या उभ्या होत्या, ताठ, हनुवटी वर, आणि ॲप्रनचं टोक मुठीत आवळलेलं. मला पळत जाऊन त्यांना मिठी मारावीशी वाटली.

पहिली टाळी कॅप्टननी वाजवली. त्यांचाच हक्क होता. मोठमोठ्या पंजांनी, बस मागे घेताना क्लीनर पत्र्यावर थाप मारतो तशा टाळ्या. मग मास्तरांनी, मग मी, मग सगळ्या हॉलने. त्या घंटेसाठी एवढ्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. सासूबाईंनी थोडा वेळ सोसल्या, मग खेकसल्या, "पुरे! इंजिन चालू आहे, पेट्रोल काय फुकट येतं?" आणि आपल्या जागेवर येऊन बसल्या. मी शेजारी बसून रडत होते.

"तू कशाला रडतेस? तुला तर दिसतंय."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः दुकानात आल्या. यायच्या आधी मुलाला पाठवून जवळून वाचायच्या अक्षरांच्या पाटीचा फोटो काढून नेला होता आणि तो पाठ केला होता, हे मला खालची ओळ त्यांनी पाटी न बघता म्हटली तेव्हा कळलं. मी पाटी बदलली. मग मात्र सगळं बाहेर आलं. रोग वगैरे काही नव्हता. जवळचा साधा चष्मा, फक्त फार उशिरा लागलेला. त्यांनी तो घातला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, तुला एवढ्या सुरकुत्या आहेत?"

पुढच्या रविवारी त्या चष्मा लावून गालिच्यावर बसल्या तेव्हा मी त्यांच्यापुढची रांगच मोजत होते. एक गिऱ्हाईक खरंच अधूनमधून हॉलमध्ये येणाऱ्या दुसऱ्या एका पॅकरकडे गेलं. पण तो पॅकर घडी घालताना अवाक्षर बोलत नाही, आणि मावशींची बोलणी खायची सवय वाईट. आठवडा उलटला तसं ते गिऱ्हाईक निमूट परत आलं.

माझी परीक्षा, म्हणजे स्वतःच्या घडीवरची पहिली उडी, त्यानंतर झाली. घडी मी घातली, कुणी बोट लावलं नाही. सासूबाईंनी चष्मा नाकावर बसवला, एकेक पट्टा उलटून बघितला, खिडकीत डोकावल्या, मान हलवली. मग उठल्या आणि घंटेकडे निघाल्या.

"आई! काय झालं?"

घंटा वाजली. पिशवी बंद ठेवणारी पिन बसवायला जी ओढदोरी वापरतात ती काढायला मी विसरले होते. उघडायच्या वेळी पिन तिच्यात अडकू शकते. टाळ्या कडकडल्या. सगळ्यांत जोरात सासूबाईंच्या, आणि चष्म्याआडून चेहरा असा फुललेला की मला चिडताही येईना. दोरी काढली, त्यांनी पुन्हा तपासलं, म्हणाल्या, "हिरवं आहे. जा."

मी गेले. दारातून बाहेर पडले, वारा अंगावर घेतला, वेळ झाल्यावर पिल्लू भिरकावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या एका क्षणात मनात सासूबाईंचे हात आले नाहीत, माझे आले. वर मोठं पॅराशूट फटदिशी उघडलं. थोडं वाकडं उघडलं, पण माझं होतं. मी वरच्या वर हसत सुटले.

खाली आले ती तो गुंता घेऊन सरळ सासूबाईंपुढे जाऊन बसले.

"आता काय? येतं ना तुला?"

"येतं. पण दमले. पुढची तुम्ही घाला, पैसे देते."

"पैशांची मिजास मला दाखवू नकोस," म्हणत त्यांनी पिल्लू चढवलं, बसायच्याही आधी, नेहमीसारखं. मग कापड अंथरलं, आणि थोड्याच वेळात घडी तयार. मी उचलायला हात पुढे केला तर त्यांनी तो अडवला आणि झाकण उघडून पिशवी माझ्याकडे फिरवली.

"बघ."

"आई, तुमची घडी आहे."

"म्हणूनच. बघ खिडकीत."

त्यांच्या घडीची खिडकी तोवर कुणी तपासली नव्हती, आणि कुणाची तशी हिंमतही नव्हती. मी वाकून बघितलं.

"हिरवं आहे, आई."

"मला दिसलंय," त्या म्हणाल्या. "तरी तू बघ. दर वेळी बघत जा."

आणि झाकण लावून पिशवी माझ्या खांद्यावर चढवली.